जनुक कुठे जागे असते?

कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून भातावर काम चालू आहे. 'कर्जत-१८४', 'कर्जत-२', 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही नावे कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीवरून पाठ झालेली आहेत. याच केंद्राने १९९८ च्या सुमारास 'सह्याद्री' हा संकरित वाण दिला. तो 'आयआर ५८०२५ ए' ही मादी ओळ आणि 'बीआर ८२७-३५' ही नर ओळ यांच्या संकरातून आला. यातली मादी ओळ विलक्षण आहे. तिची पाने हिरवीगार असतात, मुळे धडधाकट, फुटवे भरपूर, लोंबीही येते. पण तिचा पराग वांझ असतो. बाकीचे सगळे झाड निरोगी आणि बिघाड नेमका परागकोशात.

झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो, तरी दोष एकाच जागी उमटतो. कारण जनुक असणे वेगळे आणि जनुक चालू असणे वेगळे. कोणते जनुक कोणत्या ऊतकात, वाढीच्या कोणत्या टप्प्यावर, किती जोराने चालू असते, याला जनुकाची ऊतकनिहाय अभिव्यक्ती म्हणतात. ही माहिती प्रयोगाला हात घालण्याआधी शोधावी लागते, कारण प्रयोगाची तुलना कशाशी करायची हे तिच्यावरच ठरते. हे काम टाळले, तर महिनोन्‌महिने राबून मिळालेल्या उत्तराचा अर्थच लावता येत नाही. सह्याद्रीची मादी ओळ हे समजून घ्यायला उत्तम उदाहरण आहे.

एका वांझ परागाची गोष्ट

भाताचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. नर आणि मादी भाग एकाच फुलात असतात आणि फूल उघडायच्या सुमारास पराग झडूनही जातो. त्यामुळे दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा, तर एका वाणाचा पराग निकामी हवा. असे एक रानटी भाताचे झाड १९७० मध्ये चीनमधील हायनान बेटावर सापडले. त्याच्या वांझपणाला 'वाइल्ड ॲबॉर्टिव्ह', थोडक्यात 'डब्ल्यूए', म्हणतात. जगातल्या संकरित भाताचा मोठा हिस्सा या एका झाडाच्या पेशीद्रव्यावर उभा आहे. 'आयआर ५८०२५ ए' ही ओळही त्याच गोतावळ्यातली.

बीजोत्पादनाच्या शेतात तीन ओळींची भाषा चालते. 'ए' ओळ म्हणजे वांझ मादी. 'बी' ओळ तिची जुळी बहीण म्हणावी अशी: पेशीकेंद्रातली जनुके तीच, पण पेशीद्रव्य सामान्य, म्हणून पराग सुपीक. 'ए'चे बी टिकवायचे असेल तेव्हा तिला 'बी'चा पराग देतात. तिसरी 'आर' ओळ. तिच्याकडे सुपीकता परत आणणारी जनुके असतात, म्हणून 'ए' आणि 'आर' यांच्या संकरातून शेतकऱ्याच्या हाती येणारे पीक दाण्याने भरते. मादी ओळीची लोंबी पानाच्या आवरणातून पुरती बाहेर येत नाही, म्हणून जिबरेलिक ॲसिड फवारतात. फुलोऱ्याच्या वेळी दोघे जण दोरी ताणून नर ओळींवरून ओढत जातात, म्हणजे पराग उडून मादी ओळींवर पडतो.

मादी ओळीत चुकून सुपीक झाडे मिसळली आहेत का, हे पाहायला सोपी चाचणी आहे. उमलायच्या बेतातल्या फुलातून परागकोश काढायचा, काचपट्टीवर आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या थेंबात तो चुरडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. 'बी' ओळीचे परागकण गोल, टपोरे, गर्द निळे-काळे दिसतात, कारण ते स्टार्चने भरलेले असतात. 'ए' ओळीचे कण सुरकुतलेले, वेडेवाकडे, फिके पिवळे राहतात. दोन काचपट्ट्या शेजारी ठेवल्या की फरक शाळकरी मुलालाही दिसतो.

या वांझपणामागचे जनुक चीनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. त्याचे नाव 'डब्ल्यूए३५२', कारण त्यापासून बनणारे प्रथिन ३५२ अमिनो आम्लांचे आहे. ते पेशीकेंद्रात नसते, पेशीद्रव्यातल्या मायटोकाँड्रियात असते. परागकोशाच्या आतल्या बाजूला टॅपेटम नावाचे पेशींचे अस्तर असते आणि वाढत्या परागाचे पोषण त्यावर चालते. डब्ल्यूए३५२चे प्रथिन तिथे साचते, 'कॉक्स११' या दुसऱ्या प्रथिनाचे काम अडवते आणि टॅपेटम वेळेआधी मरते. पोषण तुटले की पराग वाया जातो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी निघालेली त्याची नक्कल, पानांसह झाडाच्या निरनिराळ्या भागांत मिळतो. प्रथिन मात्र परागकोशातच दिसते, तेही परागाच्या मातृपेशी तयार होण्याच्या सुमारास.

'नाही' या उत्तराचा अर्थ

समजा, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने डब्ल्यूए३५२ हे प्रथिन तपासायचे ठरवले. पान तोडणे सोपे असते, म्हणून त्याने 'ए' ओळीचे पान घेतले, प्रथिने वेगळी केली, त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरले आणि प्रथिन असल्याची खूण देणारा पट्टा काही उमटला नाही. आता तो काय लिहील? या ओळीत हे प्रथिन बनत नाही, असे लिहिले तर चूक. प्रतिपिंड खराब आहे म्हणून कंपनीला परत पाठवले तरी चूक. प्रथिनही बनते, प्रतिपिंडही चांगले असेल. पान हीच जागा चुकली.

दोराने विहिरीत सोडलेली बादली रिकामी वर आली, तर विहीर कोरडी म्हणण्याआधी दोर पाण्यापर्यंत पोचला होता का, हे पाहावे लागते. प्रयोगात हे काम सकारात्मक कंट्रोल करतो. जिथे ती गोष्ट नक्की आहे हे आधीपासून ठाऊक आहे, असा नमुना शेजारी चालवायचा. तिथे पट्टा उमटला आणि आपल्या नमुन्यात उमटला नाही, तरच 'नाही' या शब्दाला वजन येते. उलट बाजूने, जिथे ती गोष्ट नक्की नाही असा नमुनाही हवा. तिथे पट्टा उमटला, तर आपली पद्धत भलतेच काहीतरी पकडते आहे हे कळते. हा नकारात्मक कंट्रोल.

शेतीतल्या माणसाला हा विचार नवा नाही. वाणांच्या चाचणीत नव्या वाणाशेजारी 'चेक' म्हणून जुना, जाणता वाण लावतातच. पाऊस कमी झाला, करपा आला, तर चेकही खाली येतो, आणि नवा वाण खरोखर पडला की हंगामच पडला, हे त्यावरून कळते. प्रयोगशाळेतला कंट्रोल म्हणजे हाच चेक. फरक इतकाच की चेक वाण केंद्र ठरवून देते, तर प्रयोगशाळेतला चेक आपला आपण शोधावा लागतो, आणि तो शोधण्यासाठी जनुक कुठे जागे असते हे माहीत हवे.

डब्ल्यूए३५२च्या बाबतीत बीजोत्पादकांनी नकारात्मक कंट्रोल आयता तयार ठेवला आहे. 'बी' ओळीची पेशीकेंद्रातली जनुके 'ए'चीच, फक्त मायटोकाँड्रिया वेगळा. त्याच दिवशी, त्याच वाफ्यातून, त्याच टप्प्यावर घेतलेला 'बी' ओळीचा परागकोश हा यापेक्षा चांगला मिळणार नाही असा नकारात्मक कंट्रोल आहे. 'ए' ओळीचा योग्य वयाचा परागकोश हा सकारात्मक कंट्रोल. आणि 'ए' ओळीचेच पान हा तिसरा नमुना: आरएनए आहे, पण प्रथिन नाही. संकरित झाडाचा परागकोश घेतला तर चौथी गोष्ट कळते. सुपीकता परत आणणारे 'आरएफ४' हे जनुक डब्ल्यूए३५२चा आरएनएच कमी करते, तर 'आरएफ३' आरएनएला हात न लावता प्रथिन दाबते. चार नमुने मांडले की तीच पद्धत चारही प्रश्नांची उत्तरे देते.

यात टप्पा फार महत्त्वाचा. पीक निसवल्यावर परागकोश हाती लागतात खरे, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. मातृपेशी पाहायच्या तर पीक पोटरीत असतानाच लोंबी काढावी लागते. त्यासाठी भात संशोधकांची जुनी खूण आहे: शेंड्याच्या पानाचा कान आणि त्याखालच्या पानाचा कान यांच्यातले अंतर मोजायचे. दोन्ही कान जवळपास एका पातळीला आले, की आत मातृपेशींचे विभाजन चालू असल्याचे समजावे. वाणागणिक यात फरक पडतो, म्हणून एक-दोन फुले सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करावी लागते. उरलेली लगेच द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकतात, कारण तोडलेल्या ऊतकात आरएनए झपाट्याने तुटतो.

दाण्यातले जनुक पानात शोधू नये

दुसरे उदाहरण आपल्या ताटातले आहे. भात मोकळा होतो की चिकट, हे बऱ्याच अंशी त्यातल्या अमायलोजवर ठरते. अमायलोज बनवणारे मुख्य विकर 'वॅक्सी' या जनुकापासून तयार होते. हे जनुक भाताच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. ते दाण्याच्या गरात आणि परागात जोरात चालते. कापलेल्या तांदळाच्या दाण्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तर नेहमीचा तांदूळ निळा-काळा होतो आणि अमायलोज नसलेला चिकट तांदूळ तांबूस-तपकिरी. परागालाही हाच रंग येतो, म्हणून दाणा भरण्याची वाट न पाहता फुलोऱ्यातच हा गुण ओळखता येतो.

पानातही स्टार्च असतो. पण तिथे तेच काम दुसरे, भावंड म्हणावे असे जनुक करते. म्हणजे वॅक्सी जनुकाच्या अभिव्यक्तीचा प्रयोग करणाऱ्याने लावणीच्या रोपाचे पान घेतले, तर जवळजवळ काही मिळणार नाही. आणि त्याच्या प्राइमरने, म्हणजे हवे ते जनुक हेरणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने, दोन भावंडांत भेद केला नाही, तर काहीतरी मिळेल, पण ते भलत्याच जनुकाचे असेल. यासाठी सकारात्मक कंट्रोल म्हणून चिकात आलेला दाणा घ्यावा. पान हे तिथे नकारात्मक कंट्रोलचे काम करेल, आणि प्राइमर भावंडाला पकडतो का, याचीही परीक्षा होईल.

इथे एक फरक मनात पक्का हवा. वॅक्सी जनुकाचा डीएनए पानात आहेच. वाणाची ओळख पटवण्यासाठी किंवा जनुकातला एखादा बदल तपासण्यासाठी पानाचा डीएनए पुरतो, आणि पैदासकार वर्षानुवर्षे तेच करतात. प्रश्न 'कोणते जनुक आहे' असा असेल, तर कुठलेही ऊतक चालते. प्रश्न 'जनुक चालू आहे का' असा झाला, की ऊतक, वय आणि वेळ या तिन्ही गोष्टी ठरवाव्या लागतात. याच कारणाने आरएनएच्या नमुन्यात डीएनए शिल्लक राहिला तर घोटाळा होतो. बंद असलेले जनुकही चालू दिसते. म्हणून आरएनएपासून डीएनए बनवणारे विकर न घातलेली एक नळी नेहमी शेजारी चालवतात. तिच्यात पट्टा उमटला, तर तो उरलेल्या डीएनएचा.

डब्ल्यूए३५२सारख्या मायटोकाँड्रियातल्या जनुकाबाबत ही नळी अधिकच गरजेची, कारण मायटोकाँड्रियाचा डीएनए पेशीत मुबलक असतो. आणखी एक काळजी घ्यावी लागते. पेशीकेंद्रातल्या जनुकांच्या आरएनएला अॅडेनिनची लांब शेपटी असते आणि बऱ्याच पद्धती त्या शेपटीला धरूनच काम करतात. वनस्पतींच्या मायटोकाँड्रियातल्या आरएनएला तशी टिकाऊ शेपटी नसते. शेपटीवर अवलंबून असलेला प्राइमर वापरला, तर जनुक चालू असूनही हाती येत नाही. अशा वेळी कुठेही चिकटणारे छोटे प्राइमर वापरावेत. योग्य वयाचा 'ए' ओळीचा परागकोश शेजारी चालवला असेल, तर ही चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते.

माहिती कुठे मिळते

भाताच्या जनुकसंचाचा पूर्ण नकाशा आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अकराव्या गुणसूत्राचा एक भाग भारताने वाचला. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारातील केंद्र यांनी हे काम केले. नकाशा हाती आल्यावर प्रत्येक जनुक कुठे चालते याची नोंद करणे शक्य झाले. जपानमधील शास्त्रज्ञांनी निप्पोनबारे हा वाण शेतात वाढवून रोपापासून दाण्यापर्यंत निरनिराळ्या भागांचे नमुने घेतले. पानांचे नमुने तर दुपारी आणि मध्यरात्री असे दोन्ही वेळा घेतले. त्यातून 'राइसएक्सप्रो' हा माहितीसाठा उभा राहिला. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या 'ईएफपी ब्राउझर'मध्ये भाताच्या झाडाचे चित्रच दिसते आणि जनुक जिथे चालते तो भाग रंगतो. हे सगळे कोणालाही विनामूल्य पाहता येते.

वापरताना आधी जनुकाचा क्रमांक नीट घ्यावा. वॅक्सीचा क्रमांक 'ओएस०६जी०१३३०००' असा आहे: 'ओएस' म्हणजे ओरायझा सटायव्हा, '०६' म्हणजे सहावे गुणसूत्र, 'जी' म्हणजे जनुक, आणि पुढे गुणसूत्रावरचा क्रम. अमेरिकेतल्या दुसऱ्या यादीत त्याच जनुकाचा शेवटचा आकडा '०४२००' आहे. दोन्ही याद्या प्रचलित आहेत. एका यादीचा आकडा दुसरीत टाकला, तर काही सापडत नाही किंवा भलतेच जनुक समोर येते.

रंगीत चित्र पाहताना रंगावर विसंबू नये, आकडा वाचावा. अशा चित्रांत पुष्कळदा रंगाची पट्टी त्याच जनुकाच्या सर्वाधिक मूल्यावर बेतलेली असते. जेमतेम चालणारे जनुकही ते ज्या भागात सर्वांत जास्त चालते, तिथे लालभडक दिसते. आरएनएच्या वाचनात 'टीपीएम' हे माप वापरतात. पेशीतल्या दहा लाख आरएनए प्रतींपैकी किती या जनुकाच्या, असा त्याचा ढोबळ अर्थ. एक-दोन टीपीएम आणि हजार टीपीएम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पट्टा सहज उमटावा असा कंट्रोल हवा असेल, तर मूल्य मोठे पाहावे. पद्धत किती बारीक पाहू शकते हे जोखायचे असेल, तर मूल्य लहान पाहावे.

आणि माहितीसाठ्यात नाव सापडले नाही, तर जनुक चालत नाही असा निष्कर्ष काढू नये. निप्पोनबारे हा जपानी वाण आहे. त्याच्या मायटोकाँड्रियात डब्ल्यूए३५२ नाहीच, म्हणून त्याच्यावर बेतलेल्या साठ्यात ते कितीही शोधले तरी मिळणार नाही. कर्जतच्या वाणांवर काम करणाऱ्याने हा फरक विसरू नये. आपली ओळ वेगळी, आपली माती वेगळी, आणि पाऊस तर तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याखाली उन्हाळी भातही होतो. खरिपातल्या आणि उन्हाळ्यातल्या पानात तीच जनुके तितकीच चालतील, असे गृहीत धरता येत नाही. साठा वाट दाखवतो. खात्री आपल्याच शेतातल्या नमुन्यावर करायची.

आणखी एका कंट्रोलची निवड बऱ्याचदा सवयीने होते. दोन नमुन्यांत आरएनए कमी-जास्त आला तर हिशोब जुळवण्यासाठी, सगळीकडे सारखेच चालणारे एक जनुक आधाराला घेतात. बहुतेक जण डोळे मिटून ॲक्टिन घेतात. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील मुकेश जैन, आशिमा निझावन, अखिलेश त्यागी आणि जितेंद्र खुराना यांनी २००६ मध्ये भाताची अशी दहा जनुके निरनिराळ्या ऊतकांत आणि ताणाखाली तपासली. वेगवेगळ्या ऊतकांची तुलना करायची तर 'यूबीक्यू५' आणि 'ईईएफ-१ अल्फा' ही जनुके सर्वांत स्थिर निघाली. ताणाच्या प्रयोगात मात्र १८एस आणि २५एस रायबोसोमल आरएनए अधिक भरवशाचे ठरले. आधाराचे जनुकही प्रयोगागणिक बदलते, हे एका भारतीय प्रयोगशाळेने भातावरच सिद्ध करून ठेवले आहे.

माणसाचा नकाशा आणि मुंबईचा वाटा

माणसाच्या ऊतकांसाठी दोन मोठे साठे आहेत. 'जीटेक्स' हा अमेरिकेतला प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. त्याच्या २०२० मधल्या आवृत्तीत ९४८ मृत दात्यांच्या ५४ ऊतकप्रकारांतला आरएनए मोजलेला आहे. 'ह्युमन प्रोटीन ॲटलास' हा स्वीडनमधला प्रकल्प २००३ पासून चालू आहे. तो प्रतिपिंडे वापरून ऊतकाच्या पातळ चकत्या रंगवतो आणि कोणत्या पेशीत कोणते प्रथिन आहे ते दाखवतो. त्यात एक कोटीहून अधिक चित्रे आहेत. या चित्रांतला रंग कोणत्या पेशीत आला, फिका की गडद, हे माणसाने डोळ्यांनी पाहून नोंदवावे लागते. त्यातले पुष्कळसे काम मुंबईत झाले, 'लॅब सर्जपॅथ' या प्रयोगशाळेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी. जगभरातले संशोधक कंट्रोल निवडताना ज्या चित्रांचा आधार घेतात, त्यांच्यामागे मुंबईच्या डोळ्यांचे श्रम आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायलाच हवे.

ह्युमन प्रोटीन ॲटलासच्या २०१५ मधल्या अहवालानुसार माणसाची जवळपास ४४ टक्के जनुके तपासलेल्या सर्वच ऊतकांत चालू आढळली. म्हणजे अशा जनुकासाठी 'जिथे नाही' असे ऊतक शोधणे अवघड. तिथे ते जनुक काढून टाकलेल्या पेशी तयार करून नकारात्मक कंट्रोल बनवावा लागतो. उलट इन्सुलिनसाठी स्वादुपिंड, अल्ब्युमिनसाठी यकृत, थायरोग्लोब्युलिनसाठी थायरॉइड, हे कंट्रोल जवळजवळ निर्विवाद आहेत.

कंट्रोलच्या या निवडीवर माणसाचे उपचार ठरतात. स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहक (रिसेप्टर) आहे का, हे रंगवून पाहतात. असेल तर टॅमॉक्सिफेनसारखे हार्मोनविरोधी औषध उपयोगी पडते. रंग आला नाही आणि 'निगेटिव्ह' असा अहवाल गेला, तर ते औषध दिले जात नाही. पण रंग न येण्याचे कारण नमुना वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये न ठेवणे हेही असू शकते. म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट आधी त्याच चकतीत गाठीशेजारी असलेल्या निरोगी दुग्धनलिका पाहतो. तिथल्या काही पेशी रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील, तर गाठीबद्दल काहीही बोलता येत नाही. तपासणी पुन्हा करावी लागते. शिवाय टॉन्सिलची चकती शेजारी रंगवण्याची शिफारस आहे. टॉन्सिलमध्ये इस्ट्रोजेनचा ग्राहक असलेल्या पेशी मोजक्या असतात आणि त्या फिक्याच रंगतात. त्या दिसल्या, तर पद्धत अगदी कमी प्रमाणही पकडते आहे असे समजावे. गडद रंगणारे ऊतकच नेहमी कंट्रोल म्हणून घेतले, तर पद्धत अर्धी मंदावली तरी कळत नाही. कर्जत-खालापूरची कितीतरी कुटुंबे आपल्या माणसाला घेऊन खारघर आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. त्यांच्या हातात पडणाऱ्या कागदावरच्या 'निगेटिव्ह' या शब्दामागे असा एखादा टॉन्सिलचा तुकडा उभा असतो.

निवडीचा क्रम

एवढ्या चर्चेतून कामाचा क्रम असा ठरतो. आधी प्रश्न स्पष्ट करावा: डीएनए, आरएनए की प्रथिन? मग जनुकाचा बरोबर क्रमांक शोधावा आणि त्याची भावंडे कोणती, हेही पाहावे. त्यानंतर निदान दोन वेगळ्या साठ्यांत ते कुठे जास्त, कुठे कमी चालते ते पाहावे. दोन्ही साठे जुळले, तर निवड सोपी. जुळले नाहीत, तर मूळ शोधनिबंधात ऊतक कसे आणि केव्हा घेतले होते ते वाचावे. बहुतेक वेळा फरक वय, वेळ किंवा नमुना ठेवण्याच्या पद्धतीत सापडतो. प्रथिनाचा प्रयोग असेल, तर केवळ आरएनएच्या आकड्यावर कंट्रोल ठरवू नये. डब्ल्यूए३५२ याचा पुरावा आहे. जास्त चालणारे, कमी चालणारे आणि मुळीच न चालणारे, अशी तीन ऊतके निवडावीत. शक्य असेल तिथे कंट्रोल आपल्याच नमुन्यातून घ्यावा: त्याच झाडाचा दुसरा भाग, त्याच चकतीतली निरोगी पेशी. आणि शेवटी, पहिल्या दिवशी फक्त कंट्रोल चालवून पाहावेत. ते जसे यायला हवेत तसे आले, की मगच आपला मोलाचा नमुना नळीत घालावा.

यातल्या पहिल्या टप्प्यांना पैसा लागत नाही. मोबाइलवरसुद्धा ही माहिती पाहता येते. कर्जत, खोपोली, पनवेल इथल्या महाविद्यालयांत जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना रसायने आणि यंत्रे कमी पडतात, हे खरे आहे. म्हणूनच त्यांनी एकही नळी वाया घालवू नये. शिक्षकांना विनंती आहे: प्रकल्पाचा विषय मंजूर करताना विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्या. त्यावर जनुकाचा क्रमांक, ते कुठे चालते आणि कुठे चालत नाही, ही माहिती कोणत्या साठ्यातून घेतली, आणि सकारात्मक व नकारात्मक कंट्रोल कोणते, एवढेच असावे. हे पान कोरे असेल, तर प्रयोगाला परवानगी देऊ नका. आणि वर्गाला एकदा तरी कर्जतच्या केंद्रावर नेऊन, तिथल्या लोकांना विचारून, 'ए' आणि 'बी' ओळींचे पराग आयोडीनमध्ये शेजारी शेजारी दाखवा. कंट्रोल म्हणजे काय, हे मुलांना त्या दोन काचपट्ट्यांवर कळेल.